उतरण्याचे मार्क

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. यंदाही गेला. बाहेर कॉव्हेंट्रीचं नेहमीचं आभाळ होतं, धड पाऊस नाही, धड ऊन नाही, आणि कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या डब्यावर एक ओलाचिंब कावळा बसला होता. टीव्हीवर मात्र लख्ख बर्फ. डोंगराच्या उतारावर बांधलेला उंच मनोरा, त्याच्या टोकाला आडवी दांडी आणि दांडीवर बसलेलं एक किडकिडीत पोरगं. पायांत त्याच्या उंचीहून लांब स्की. ते दांडी सोडतं, घसरत खाली येतं, काठावरून स्वतःला फेकून देतं आणि मग बराच वेळ पडतच नाही. याला स्की जंपिंग म्हणतात. मी हा खेळ इतकी वर्षं बघते आहे आणि मला त्यातलं अजूनही धड काही कळत नाही.

ज्या माणसाबरोबर मी तो बघायला लागले, त्यालाही कळत नव्हतं. म्हणजे माझ्या बाबांना. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण दोन हजार सहा-सातचा तो अख्खा हिवाळा आम्ही दोघं एका सोफ्यावर बसून एक न कळणारा खेळ बघत होतो, आणि समोरच्या टेबलावर एक फॉर्म पडला होता, त्याचं काय करायचं तेही आम्हाला कळत नव्हतं. आज आठवायला बसलं की सगळं एकात एक मिसळून येतं. बर्फ, वारा, मेथी, फॉर्म. वेगळं काढून ठेवता येत नाही.

बाबा मिरजेच्या एका शाळेत पस्तीस वर्षं पी.टी.चे सर होते, आणि निवृत्तीनंतरही रोज ग्राउंडवर जात. गळ्यात शिट्टी, हाताला फक्कीचा पांढरा रंग, खिशात गुंडाळलेला टेप. आमच्या घरात जेवणाच्या ताटापासून मच्छरदाणीपर्यंत सगळ्याला त्यांचा टेप लागलेला होता. आई गेली त्या वेळी मी इथे होते; मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. त्यानंतर वर्षभर मी दर रविवारी फोनवर तेच विचारायचे, ‘जेवलात का?’ आणि ते तेच सांगायचे, ‘जेवलो.’ मी एकुलती एक. शेवटी मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इकडे आणलं. परतीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं होतं. ते तिकीट वापरायची वेळ येऊच नये, असं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, आणि ते मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मी आणि माझा नवरा श्रीकांत कामावर, मुलगी सई शाळेत, बाबा घरात. टीव्हीवर दिवसभर माणसं घरं विकत घेतात नाहीतर जुनी घड्याळं विकतात. बाबा म्हणाले, ‘मंजे, इथं कुणाला कामधंदा नाही का ग?’ मग एका शनिवारी मी भाजी निवडत बसले असताना चॅनेल बदलता बदलता त्यांचा अंगठा थांबला. फिनलंड का कुठला तरी डोंगर होता. एक पोरगं उडालं. दुसरं उडालं. तिसरं. मग बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘किती? किती टाकली यानं?’

‘एकशे बत्तीस मीटर,’ मी वाचून सांगितलं.

‘गप ग,’ बाबा म्हणाले.

त्यांच्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थ्याची उडी पावणेसात मीटरच्या आसपास होती. ती त्यांनी आयुष्यभर सांगितली. त्यामुळे एकशे बत्तीस हा आकडा त्यांच्या पचनी पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटरवर कोट, त्यावर माझी जुनी शाल आणि डोक्याला कानटोपी असा अवतार करून ते सईला घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फूट, टेपइतकंच पक्कं, असा त्यांचा दावा होता. आमच्या दारापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली. पोस्टाची लाल पेटी गेली, बंद पडलेला पब गेला, फिश अँड चिप्सचं दुकान गेलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून बघितलं आणि दार उघडून विचारलं, ‘You all right, love?’ बाबा मोजणी न तोडता म्हणाले, ‘Jumping, madam.’ एकशे त्र्याहत्तर पावलांनी ते बसस्टॉपवर पोचले, वळून आमच्या दाराकडे बघितलं आणि हात जोडले. दाराला, का त्या पोराला, ते सईला कळलं नाही. तिने घरी येऊन सांगितलं, ‘आई, आजोबा bus stop ला नमस्कार केली.’

त्या दिवसापासून शनिवार-रविवार ठरून गेले. दुपारचं जेवण लवकर, मग चहा, मग डोंगर. त्या वर्षी युरोपात बर्फ पडायचं नावच घेत नव्हता. उताराचा पट्टा तेवढा कुठून तरी आणलेल्या बर्फाने पांढरा केलेला आणि दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेच्या ग्राउंडवर त्यांनीही शर्यतीपुरते आठ पांढरे पट्टे आखले होते आणि बाकी सगळं तसंच मातकट ठेवलं होतं. ‘लागतं तेवढंच करायचं,’ ते म्हणाले. मला मात्र ते हिरव्यातून उतरणारं पांढरं जिभेसारखं काहीतरी बघून कसंतरीच व्हायचं. ऋतू चुकलाय आणि कुणी मान्य करत नाही, असं वाटायचं.

आणि मग मार्कांचा घोळ सुरू झाला. सगळ्यांत लांब उडी मारणारा पोरगा तिसरा आला. बाबा भडकले. मला म्हणाले, ‘वाच नीट, चुकलंय तुझं.’ चुकलं नव्हतं. या खेळात लांबीचे मार्क असतात, पण पाच परीक्षक बाजूला बसतात आणि उडी दिसली कशी, उतरला कसा, याचेही मार्क देतात. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले आणि हात पसरलेले, असं उतरायचं. दोन्ही पाय जोडून धप्पकन उतरला तर मार्क कापले. शिवाय पाचांतला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा मार्क काढून टाकायचा.

‘वरचा-खालचा काढतात ते बरोबर आहे,’ बाबा म्हणाले. ‘वक्तृत्व स्पर्धेत आम्हीही काढायचो. एक परीक्षक नेहमी हेडमास्तरांचा मेहुणा असायचा.’ पण उडीला दिसण्याचे मार्क? उडी म्हणजे फळी, खड्डा आणि टेप. फळीच्या पुढे पाय गेला तर फाऊल, नाही गेला तर टेप सांगेल ते. यात दिसण्याचा काय संबंध? सई त्यांच्या बाजूने ओरडली, ‘Exactly! तो लांब गेली ना? मग तो first!’ आजोबा आणि नात एका पार्टीत, पाच परीक्षक दुसऱ्या पार्टीत, आणि मी चहाचे कप गोळा करत मधे. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

जानेवारीत फॉर्म आला, बाबांना इथे कायम राहू देण्यासाठीचा. मीच मागवला होता. लेस्टरचे एक सॉलिसिटर होते, गुजराती, फार गोड बोलायचे. त्यांनी फोनवर समजावलं होतं की वय, विधुर असणं, एकुलती एक मुलगी इथे, सगळं आपल्या बाजूचं आहे. ‘बस, एक चीज एकदम क्लिअर पाहिजे, मंजिरीबेन. तिकडे त्यांना बघणारं कोणी नाही. Nobody. ते त्यांनी स्वतः लिहिलं तर best.’ त्यांनी फॉर्मच्या दोन प्रती पाठवल्या, एक खाडाखोड झाली तर दुसरी. मी त्या टेबलावर संत्र्यांच्या टोपलीखाली ठेवल्या आणि बाबांना सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते आठवत नाही. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘बरं. बघू.’ आणि टीव्हीचा आवाज एक घर वाढवला.

‘बघू’ या शब्दावर मी पुढचे अडीच महिने काढले. मिरजेत आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे हो असू शकतं, नाही असू शकतं, आणि ‘आत्ता माझं डोकं खाऊ नकोस’ असंही असू शकतं. मी धीर करून स्पष्ट विचारायला हवं होतं. ऑफिसात मी टेस्टिंग करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामधल्या फटी शोधायचा पगार घ्यायचे. घरी आल्यावर माझ्याच बापाला एक सरळ प्रश्न विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

विचारायच्या ऐवजी मी खुणा शोधायला लागले. फोलशिल रोडवरच्या दुकानातून त्यांनी मेथीदाणे आणले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन कुंड्यांत पेरले. मी खूश. राहणार असेल तोच माणूस पेरतो. त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले तर बॅग पलंगाखाली उघडीच होती. कपाट रिकामं. दोन महिने ते बॅगेतूनच कपडे काढत होते आणि घडी करून बॅगेतच ठेवत होते. मी हँगर मोजले, सगळेच्या सगळे मोकळे. मग एकदा फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, ‘नाही रे, इथं बरं आहे. पोरीला मदत होते.’ आणि चारच दिवसांनी, तितक्याच मोठ्या आवाजात, ‘हो हो, एप्रिलला आलोच. खड्ड्यात वाळू टाकून घ्या तोवर.’ फोनवर ते नेहमीच ओरडून बोलायचे, त्यामुळे कुठलं मनापासून आणि कुठलं नुसतं म्हणायचं, ते आवाजावरून ओळखायची सोय नव्हती.

श्रीकांतला हा सगळा प्रकार म्हणजे माझं नसतं खूळ वाटायचं. ‘मंजू, be practical. एकटा माणूस, सत्तरीला आलेला. तिकडे बाथरूममध्ये पडले तर? तू फॉर्म भर, त्यांची सही घे, submit कर. They’ll settle. सगळे settle होतात.’ त्याचं चूक नव्हतं. पण एक गोष्ट त्यालाही मी सांगितली नव्हती, आणि आज लिहायलाही जड जातं. बाबा आल्यापासून साडेतीन वाजता शाळेच्या गेटवर ते उभे राहत. सईचा आफ्टर-स्कूल क्लब मी बंद केला होता. घरी आल्यावर सई हसत असायची, कुकर झालेला असायचा, मला उशिरा थांबायला लागलं तरी बॉसकडे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं. मला बाबा हवे होते, की गेटवर उभं राहणारं कुणीतरी हवं होतं? की आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचले, त्याची भरपाई हवी होती? मी स्वतःला हे खूपदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर यायचं आणि दर वेळी ते खरं वाटायचं.

नवीन वर्षाच्या पहिल्या दुपारची ती स्पर्धा मला अजून डोळ्यांपुढे दिसते. म्हणजे फॉर्म यायच्या आधीची. जर्मनीतला डोंगर, खाली हजारो माणसं, भोंगे वाजवणारी. त्या स्पर्धेत दोघादोघांच्या जोड्या लावतात. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. इथपर्यंत बाबांना पटलं, कुस्तीसारखं होतं. मग हरलेला एक जण पुढच्या फेरीत पुन्हा दांडीवर दिसला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाचून सांगितलं की हरलेल्यांतले जे पाच सगळ्यांत चांगले, तेही पुढे जातात, आणि त्यांना इंग्रजीत लकी लूझर म्हणतात. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘म्हणजे हरलं तरी चालतं, पण चांगलं हरायला पाहिजे.’ सई म्हणाली, ‘No आजोबा, luck पण लागतो.’ आम्ही तिघं हसलो. ते तसं हसण्यासारखं होतं का, माहीत नाही.

फेब्रुवारीत बाबा वाळायला लागले असं मला वाटू लागलं. एकच पोळी. भात दोन घास. मी कुरकुर केली की ते टीव्हीकडे बोट दाखवायचे, ‘ती पोरं बघ, हाडांवर कातडं आहे नुसतं, कशी उडतात.’ मग मी कुठून तरी शोधून काढलं की ती पोरं उपाशी राहू नयेत म्हणून नियम आहे, वजन फार कमी भरलं तर स्की आखूड करायला लावतात, आणि आखूड स्कीवर हवा कमी मिळते. मला वाटलं मी जिंकले. बाबांनी ती गोष्ट उचलली आणि सईवर वापरली. ‘भाजी खा, नाहीतर तुझ्या स्की कापणार मी.’ सईने पालक संपवला. बाबांची पोळी एकच राहिली.

त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडायचं, तर तो झेंडा. दांडीवर बसलेल्या पोराला वारा दिसत नाही. खाली, उताराच्या बाजूला, लाकडी मचाणावर त्याचा कोच उभा असतो, हातात एक छोटा झेंडा धरून. दिवा हिरवा झाला की कोच वाऱ्याचा अंदाज घेतो आणि बरा वाटला की झेंडा खाली करतो. झेंडा पडला की पोरगं दांडी सोडतं. कधी कधी वारा फिरतो, दिवा पुन्हा लाल होतो, पोराला दांडीवरून सरकत बाजूला यावं लागतं आणि पुन्हा वाट बघावी लागते. ‘बघ मंजे,’ बाबा म्हणायचे, ‘पोरगं डोंगराकडे बघत नाही, माणसांकडे बघत नाही. मास्तरकडं बघतं.’ त्यांचा आवाज असा व्हायचा की मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

एकदा एक पोरगं हवेतच कलंडलं आणि बर्फावर आपटून गडगडत खाली आलं. सई किंचाळून उठून गेली. कॅमेरा मचाणावर गेला. कोच तसाच उभा होता, झेंडा धरलेला हात खाली, तोंड उघडं. बाबा त्या पडलेल्या पोराविषयी एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘त्याला आता झोप लागायची नाही.’ कुणाला, ते मी विचारलं नाही.

तोवर दिसण्याच्या मार्कांबद्दलचं त्यांचं मतही फिरलं होतं. कधी फिरलं ते सांगता येणार नाही. पण मार्चपर्यंत बाबा लांबीकडे बघेनासेच झाले. पोरगं जमिनीला टेकायच्या आधीच ते मार्क सांगून मोकळे व्हायचे, ‘अठरा. नाही, साडेसतरा, डावा हात हलला.’ पाचपैकी तिघांशी त्यांचे मार्क जुळले की माझ्याकडे बघायचे. सई अजून लांबीच्याच बाजूची होती. तिने त्यांना गद्दार ठरवलं. ‘आजोबा, you switched sides!’ ‘अग, उडायला काय, डोंगर उडवतो,’ बाबा म्हणाले. मी त्या वाक्याचा अर्थ लावत रात्रभर जागं राहायचं नाही असं ठरवलं, आणि ऑफिसात दुसऱ्या दिवशी दिवसभर तोच लावत बसले.

मग मार्चचा शेवटचा रविवार आला, सीझनचा शेवटचा दिवस. त्या दिवशी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, आणि बाबांना ते अजिबात पसंत नव्हतं. त्यात दोनच दिवसांपूर्वी आपली क्रिकेट टीम वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच फेरीत गटांगळ्या खाऊन बसली होती. बाबा म्हणाले, क्रिकेट संपलं, आता आपला डोंगरच बरा. स्लोव्हेनियातला तो डोंगर सगळ्यांत मोठा, तिथे पोरं दोनशे मीटरच्या वर जातात. मी चहा घेऊन आले तर संत्र्यांची टोपली बाजूला सरकवलेली होती आणि दोन्ही फॉर्म उघडून ठेवलेले होते.

‘भरला,’ बाबा म्हणाले. ‘बघून घे.’

मी उभ्या उभ्या वाचला. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं त्यांच्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत. मग तो प्रश्न, तुमच्या देशात तुमची काळजी घेऊ शकेल असं कोणी आहे का. उत्तराला तीन ओळींची जागा होती. बाबांनी त्या तीन ओळी भरल्या होत्या, मग समासात लिहिलं होतं, आणि मग सईच्या वहीतलं एक पान जोडून त्यावर पट्टीने रेघा आखून पुढे लिहिलं होतं. एक, दत्ता कांबळे, लांब उडी, आता रिक्षा स्टँड. दोन, इक्बाल मुजावर, गोळाफेक, सतारीचं दुकान. तीन, शोभा माळी, चारशे मीटर, नर्स. पुढे पत्ता, फोन असेल तर फोन. एकतीस नावं होती. प्रत्येकापुढे खेळ लिहिलेला.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘इथे nobody लिहायचं होतं.’

‘हो, तू सांगितलेलंस.’

‘मग?’

‘मग लिहायला बसलो आणि एकेक आठवत गेले. कुणाला गाळू?’

मला राग आला. खरं सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, हे तुमचे नातेवाईक नाहीत, ही माणसं स्वतःच्या संसारात आहेत, रिक्षा चालवणारा माणूस तुम्हाला डॉक्टरकडे नेईल एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कोण नेईल? बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी दुसरी प्रत माझ्याकडे सरकवली. ती कोरी होती. फक्त शेवटच्या पानावर त्यांची सही होती.

‘एकात मला माहीत होतं ते लिहिलं,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्यात तुला माहीत आहे ते लिही. सही केलीय. कुठला पाठवायचा तो पाठव.’

‘पण तुम्हाला काय हवंय, बाबा?’ शेवटी एकदाचं मी विचारलं. अडीच महिन्यांनी. टीव्हीवर कुणीतरी उडालं होतं आणि लोक ओरडत होते.

बाबांनी टीव्हीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत त्यांनी खरोखर विचार केला. वर्गात एखाद्या पोराने प्रश्न विचारल्यावर करायचे तसा. आणि म्हणाले, ‘मला सांगता येत नाही, मंजे. तिकडं असलो की इकडचं दिसतं. इकडं असलो की तिकडचं. तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं मला काय हवंय ते.’

मी दोन्ही फॉर्म नेऊन माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवले. पहिला पाठवला तर केस तिथेच संपली असती. एकतीस माणसं असलेल्या माणसाला कोण ठेवून घेईल? दुसरा पाठवायचा तर मला माझ्या हाताने लिहायचं होतं की माझ्या बापाला त्याच्या गावात कोणी नाही. पेन उघडून बसले एकदा. ट्रेनमध्ये. एन लिहिला, ओ लिहिला, आणि समोरच्या बाईने हसून विचारलं, ‘Crossword?’ मी हो म्हटलं आणि कागद मिटला. सॉलिसिटरचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी सांगितलं, नेक्स्ट वीक. मी ठरवलं असं काही झालंच नाही. नुसते दिवस गेले, आणि तिकिटाची तारीख आली.

त्या वेळी मी मैत्रिणींना सांगत असे की मी बाबांच्या मनाचा मान ठेवला. श्रीकांत म्हणायचा की मी घाबरले. दोघांचंही बरोबर असेल. मला वाटतं मी पाठवला असता आणि बाबा सहा महिन्यांत या खिडकीशी बसून वाळून गेले असते, तर मी स्वतःला दोष दिला असता. नाही पाठवला, तरी दिलाच. एखादी गोष्ट दोन्हीकडून चूक असू शकते का, हे मला या वयातही कळलेलं नाही. जाताना एअरपोर्टवर बाबांनी सईला जवळ घेतलं, श्रीकांतच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, ‘जेवत जा.’ एवढंच. त्यांची मेथी मागे राहिली. आम्ही भाजी केली, कडू होती.

दोन वर्षांनी फोन आला की बाबा ग्राउंडवर फक्की मारताना घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी मिळेल त्या विमानाने निघाले. मुंबईहून गाडी केली आणि घरी न जाता थेट मिरजेला दवाखान्यात उतरले. दुपारचे बारा वाजून गेले होते. तीन दिवसांचे कपडे, सुजलेले डोळे, हातात चाकांची बॅग. डोक्यात सगळी तयारी होती. डॉक्टरांना काय विचारायचं, बाई ठेवायची की ब्यूरोतून नर्स, रजा किती दिवसांची वाढवायची. त्यांचं कोण बघत असेल, या एका प्रश्नाने चार हजार मैल माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खोलीच्या दाराबाहेर बाकावर पस्तिशीचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर शाळेची वही. आत एक बाई बाबांना चमच्याने पेज भरवत होत्या. बाबांचे डोळे मिटलेले होते, तोंड मात्र वेळेवर उघडत होतं. मी दारातच थांबले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि अदबीने उठले.

‘बसा ताई. लांबून आलात?’ ते म्हणाले. ‘कुठली बॅच तुमची?’

मी बॅग भिंतीला टेकवून ठेवली. त्यांनी वही उघडली. पानभर पट्टीने आखलेले रकाने होते. सकाळी सहा ते आठ, आठ ते दहा, दहा ते बारा, सोमवार ते रविवार. प्रत्येक चौकोनात एक नाव. काही नावं मी ओळखली. पुढचे दोन आठवडे भरलेले होते.

‘आता सगळेच येऊ म्हणतात, त्यामुळे पाळ्या लावल्यात,’ ते म्हणाले. ‘सरांजवळ गर्दी नको.’ त्यांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका मोकळ्या चौकोनावर थांबलं. ‘उद्या दुपारी दोन ते चार बसता का? एवढंच शिल्लक आहे.’

मी मान हलवली. बसते म्हटलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. ‘नाव काय लिहू?’